झुंबराक्काचा काढा

राजारामपुरी, कोल्हापूर
५ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप झुंबराक्कास,
धाकट्या केरबाचा साष्टांग नमस्कार.

तुझा डावा गुडघा कसा आहे? आणि उजवा, जो डाव्याचं बघून दुखायला शिकला होता, तो? सूनबाईंची कंबर? नात तेजस्वीचा दहावीचा अभ्यास, आणि त्याहून महत्त्वाची तिची झोप? म्हैस व्याली का? शेजारच्या बयाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणे. आता तिला शेजाऱ्यांच्या चुका दोन्ही डोळ्यांनी दिसत असतील. इकडं मी बरा. खोकला आहे, पण तो आता घरातलाच एक माणूस झालाय. आमचा पोरगा अमरसिंह म्हणतो, "अण्णा, फोन करा की, पत्र कशाला?" त्याला म्हटलं, फोनवर अक्काला काही ऐकू येत नाही, आणि पत्रात तिला मध्येच बोलता येत नाही. दोन्हीकडून माझाच फायदा.

सायकलचं दुकान पोराच्या ताब्यात दिल्यापासून माझा वेळ जात नव्हता, हे तुला ठाऊक. गेल्या श्रावणापासून बुधवारी आणि शनिवारी मी इथल्या एका निरीक्षणगृहात पंक्चर काढायला शिकवायला जातोय. अठराच्या आतली पोरं, चोरीमारीत सापडलेली. निकाल लागेपर्यंत तिथं ठेवतात. पाटीवर 'गृह' लिहिलंय, आत कुलपं आहेत. साहेबांनी नवा फळा लावलाय, शिस्तीच्या गुणांचा. रांगेत उभं राहिलं की दोन गुण, प्रार्थना पाठ म्हटली की पाच, उलट बोललं की वजा दहा. फळ्याच्या अगदी तळाशी एक पोरगं आहे. वजा एकशे चाळीस. नाव आदर्श.

असल्या पोरांची नावं बाहेर सांगायची नसतात. पण तूच त्याला जगात ओढून काढलंयस, तुझ्यापासून काय लपवायचं? तुमच्या मळ्यामागच्या वस्तीवरच्या मोनाचा पोरगा. सोळा वर्षांचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मला झुंबर आज्जीनं काढलंय." छाती फुगवून. दुसरं काही सांगण्यासारखं त्याच्याकडं नाही.

अक्का, हे पोरगं वेगळंच आहे. त्याला 'चाक काढ' म्हटलं की काढतो. 'आता ट्यूब काढ' म्हटलं की काढतो. पण चाक काढ, ट्यूब काढ, घासून घे, सोल्यूशन लाव, असं एका दमात सांगितलं की चाक हातात धरून उभा. देवळाबाहेर चपला हरवलेल्या माणसासारखा. काल शिकवलेलं आज कोरं, आणि परवा अचानक सगळं येतं. म्हणून तर सगळे म्हणतात, नाटकं करतोय. बोलायला मात्र गोड. काहीही विचारा, उत्तर एकच, "व्हय."

ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चोरणाऱ्या टोळक्याबरोबर हा सापडला. टोळकं पळालं, हा बॅटरी धरून उभा राहिला, कारण त्याला 'धर' म्हणून सांगितलं होतं, 'सोड' म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. दोनदा घरी सोडला, अमुक तारखेला हजर हो म्हणून. 'पुढच्या महिन्याची चौदा' म्हणजे काय, हे त्याला उमगत नाही. गेला नाही. कागदावर लिहिलं, फरार. फरार कुठं होता? घरी, शेळ्यांमागं. मग पोलिसांनी विचारलं, अलीकडच्या गावची बॅटरी तूच नेलीस? व्हय. पलीकडच्या गावची? व्हय. परवाच्या डिसेंबरातली? व्हय. अगं, डिसेंबरात तो आमच्याकडं कुलपात होता! तरी ती चोरी त्याच्या नावावर उकलली आणि उकलणाऱ्याचा फोटो पेपरात आला.

आमच्याकडं महिन्यातून एकदा डॉक्टर मुबशिरा येतात. दवाखाना आमच्याच गल्लीच्या तोंडाला. त्यांनी आदर्शला तासभर बसवून बघितलं. मला म्हणाल्या, "काका, आई गरोदर असताना दारू पोटात गेली असेल, तर कधी कधी पोराचं असं होतं. मेंदू घडत असतानाच धक्का बसतो. पुढचं-मागचं जुळवायला, लक्षात ठेवायला, नाही म्हणायला जमत नाही. हा लबाड नाही." मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं, की गुऱ्हाळाच्या काहिलीत पाक बिघडला तर गूळ बसत नाही. मग ढेपेला बुकलून काय उपयोग? आणि आमचा सगळा कारखाना ढेपेला बुकलायचाच.

पण बाई म्हणाल्या, नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही. आईच्या पोटात दारू गेली होती, असं ठाऊक असलेल्या माणसानं सांगायला हवं. मग मोठी तपासणी मागता येते. इथल्या फॉर्मवर तो प्रश्न आहे: 'मातेने गरोदरपणी मद्यपान केले होते काय? होय / नाही.' मी कारकुनाला आदर्शचा फॉर्म दाखवा म्हटलं. 'नाही.' सगळ्याच पोरांच्या फॉर्मवर 'नाही.' त्याचा रबरी शिक्का करून घेतलाय, हात दुखतो म्हणून. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "काका, ह्या आपल्या जिल्ह्यातल्या माता आहेत. जिल्ह्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

सतरा मार्चला बाल न्याय मंडळापुढं शेवटचं ठरणार. 'सुधारणेला प्रतिसाद नाही' म्हणून त्याला तीन वर्षं लांबच्या विशेष गृहात धाडायचा कागद तयार आहे. तिथला फळा इथल्याहून मोठा आहे म्हणे.

तू मोनाचं सगळं बाळंतपण केलंस. तुला काही आठवतं का? असेल ते लिही, आणि लवकर लिही.

तुझा
केरबा

* * *

१४ जानेवारी २०२५

चि. केरबास झुंबराक्काचा आशीर्वाद.

(आजोबा, मी तेजस्वी. आजी सांगते तसं लिहिते. एक अक्षर गाळायचं नाही, असा हुकूम आहे.)

गुडघं दोन्ही जागेवर हायत. सुनेची कंबर काम सांगितलं की दुखती, पावणं आलं की राहती. म्हैस व्याली, रेडा झाला. बयाबाईला दिसाय लागल्यापास्नं माझ्या भाकरीचा काठ जळकाय म्हणून गावभर सांगत फिरती. डोळं दिलं डॉक्टरनं, आन् ताप झाला मला. तू खोकल्याला हळद घे. संक्रांतीचा तिळगूळ पाकिटात घातलाय. फुटला असंल तर पोस्टमनसंगं गोड बोल.

आता त्या पोराचं. आदर्श माझ्याच हातचा. पायाळू हुता. बाहेर आला तवा रडला न्हाय, मी पाठीवर थापटला तवा रडला. मोनानं दारूचा थेंब शिवला न्हाय. तिचा नवरा प्यायचा, तो गेला. माझ्या हाताखाली दोनशे बाया बाळंत झाल्या, एकबी दगावली न्हाय. त्या डॉक्टरीणबाईला सांग, पुस्तक मिटून वस्तीवर ये म्हणावं. बाया चिखलात उभ्या राहून तण भांगलायच्या, उलट्या व्हायच्या, पाय भरून यायचे, तरी माझ्या काढ्यावर नऊ महिने काढल्यात. काढ्याचं लिहू नको.

(आजोबा, 'काढ्याचं लिहू नको' असं आजी म्हणाली. पण एक अक्षर गाळू नको, असंही आधी म्हणाली होती. कुठला हुकूम पाळायचा ते कळेना, म्हणून दोन्ही पाळले.)

पोरगं बिनडोक हाय कारण बाप बिनडोक हुता. हे काय नवीन हाय व्हय? तू त्यात डोकं घालू नको. पंक्चर काढ आन् घरला ये.

आठ मार्चला महिला दिन हाय. ग्रामपंचायत माझा सत्कार करणार हाय. दोनशे बाळंतपणांचा. शाल, नारळ, आन् कोण तरी मोठा पावणा. सरपंचाचा नवरा सांगून गेला. (सरपंच बाई आहेत, पण सांगायला नवराच येतो.) तू यायला पायजेस.

झुंबराक्का

* * *

राजारामपुरी
२२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्कास साष्टांग नमस्कार.

तिळगूळ पोचला. भुगा होऊन आला, पण गोडी शाबूत. बयाबाईला सांग, जळका काठ पोटाला चांगला.

सत्काराचं वाचून ऊर भरून आला. येणार म्हणजे येणार. आणि एक विनंती. तो तुझा काढा मला धाड. 'लिहू नको' म्हणालीस, तेव्हाच ओळखलं, की हा गुणाचा असणार. आपल्याकडं चांगल्या मसाल्याचं प्रमाण कोण कुणाला सांगतं? नऊ महिने बाया ज्यावर निघाल्या, त्यावर माझा खोकला नक्की निघेल.

इकडची गंमत ऐक. गेल्या बुधवारी पोरांना घडवायला पुण्याचे एक वक्ते आले. कोट, कानाला माइक. पोरांना विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता?" एक म्हणाला कलेक्टर, एक म्हणाला मिलिटरीत. आदर्श म्हणाला, "हितंच." वक्त्यांना वाटलं विनोद केला. टाळ्या वाजवल्या. आदर्शनंही वाजवल्या. जाताना प्रत्येकाला वेळेचं नियोजन करायची डायरी वाटली. ज्याला उद्या आणि परवातला फरक सांगता येत नाही, त्याला डायरी!

मी माझ्या अडाणी डोक्यानं एक केलं. मागच्या भिंतीवर गेरूनं आठ चित्रं काढली. चाक काढलेलं, ट्यूब काढलेली, पाण्यात बुडवलेली, अशी ओळीनं. आदर्श एका चित्रावर बोट ठेवायचा, तेवढं काम करायचा, परत येऊन पुढच्या चित्रावर बोट. अक्का, त्यानं एकट्यानं पंक्चर काढलं! ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडा आला नाही, तेव्हा पाण्याकडं बघून हसला. त्या आठवड्यात त्यानं आणखी तीन काढली. मी साहेबांना बोलावून दाखवलं. साहेब म्हणाले, "उत्तम उपक्रम."

सोमवारी वरून तपासणी आली. आदल्या दिवशी सगळ्या भिंतींना चुना मारला. माझ्या चित्रांवर आता 'शिस्त हाच दागिना' असं निळ्या अक्षरांत आहे. आज मी गेलो तर आदर्श त्या भिंतीपुढं बोट वर करून उभा. घंटा झाली तरी हलला नाही. वजा वीस.

आजच मोना भेटायला आली. पोरगं म्हणालं, "आई, उद्या घरी?" ती म्हणाली, "शाणा झालास की." मग मला म्हणाली, "मामा, म्या सोळा वर्सं शाणं करून बघितलं, हात दुखला." डॉक्टर मुबशिरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं. तिनं नरसोबाच्या वाडीच्या दत्ताची शपथ घेतली, दारूचा थेंब घेतला नाही म्हणून. शपथ खरी वाटली. तिथंच बाईंचा कागद अडलाय. तू म्हणतेस तेच खरं दिसतं.

काढा मात्र विसरू नकोस. उत्तर लवकर दे.

तुझा
केरबा

* * *

२ फेब्रुवारी २०२५

चि. केरबास आशीर्वाद.

काढा मिळणार न्हाय. मी आता करत न्हाय. खोकल्याला अडुळसा घे. त्या पोराचं परत लिहू नको. सत्काराला ये, नवं धोतर नेसून ये.

झुंबराक्का

(पाठीमागं पेन्सिलीनं)

आजोबा, एवढंच सांगून आजी उठून गेली. तुम्ही काढा मागितलेलं वाचलं तेव्हा तिनं पत्र हातातून ओढून घेतलं. मी आईला विचारलं. आई म्हणाली, त्यात ओवा, जिरं, गूळ आणि पहिल्या धारेची हातभट्टीची दारू असायची. दिवस गेल्यापासून सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी द्यायची. आईला माझ्या वेळी दिला नाही, कारण तेव्हा गावात आरोग्य केंद्राच्या ताई आल्या होत्या, त्यांनी आजीला बजावलं होतं. आजीनं त्या दिवसापासून बंद केला आणि कधी विषय काढला नाही. मी आदर्शच्या नंतरची. दीड वर्षानं लहान. हे मी लिहिलंय ते आजीला सांगू नका.
– ते.

* * *

राजारामपुरी
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्कास साष्टांग नमस्कार.

आज तब्येती विचारत नाही, कारण मी जे लिहिणार आहे त्यानं तुझी बिघडणार आहे.

काढ्यात काय असायचं ते मला आठवलं. माझं मलाच आठवलं. तेजस्वीचा याच्याशी काही संबंध नाही. हे मी दोनदा लिहितो म्हणजे तुझी खात्री पटेल. तेजस्वीचा याच्याशी काही संबंध नाही. अमरसिंहाच्या वेळी तू बाटली धाडली होतीस. तुझ्या भावजयीला वास सोसवेना, तिनं मोरीत ओतली आणि तुला निरोप दिला, की प्याले, फार गुण आला. चाळीस वर्षं आम्ही ते तुझ्यापासून लपवलं. ती गेली, आता मी सांगून मोकळा होतो. त्या दिवशी तुझं मन राखलं म्हणून नव्हे, ओतलं म्हणून माझं पोरगं सुटलं असेल की काय, हा विचार परवापासून डोक्यातून जात नाही.

अक्का, तू वाईटासाठी दिलं नाहीस. आपल्या आईनं तुला शिकवलं, तिला तिच्या आईनं. तुझा हात चांगलाच होता, वाटीत चूक होती. मोनाची शपथही खोटी नाही. तू औषध म्हणून दिलंस, ती औषध म्हणून प्याली.

मी डॉक्टर मुबशिरांना नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, दारूमुळंच झालं असं छातीठोक कुणी सांगणार नाही. पण हे कुणी मंडळापुढं सांगितलं, तर त्या पोराकडं बघायची नजर बदलेल. आता सांगणार कोण? मोनाला ठाऊक नाही. पोरगं तेव्हा पोटात होतं. तरी त्याला विचारलं तर तो व्हय म्हणेल, त्याचा काय उपयोग? राहिलीस तू एकटी.

ये, असं मी म्हणत नाही. थोरल्या बहिणीला ये-जा सांगायची आपल्यात रीत नाही. तारीख तेवढी लिहितो. सतरा मार्च, सोमवार, सकाळी अकरा. मी नवापासून एसटी स्टँडवर असेन. तू आली नाहीस तरी तू माझी अक्काच. पण त्या पोराची तीन वर्षं जातील, आणि ती का गेली हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक असेल.

उत्तराची वाट बघतो.

केरबा

* * *

केरबा,

हे माझ्या हातानं लिव्हलंय. पोरीला दावलं न्हाय.

दोनशे घरं हायत. सगळी मला आज्जी म्हंत्यात. त्यास्नी जाऊन काय सांगू? एकबी बाई माझ्या हातात मेली न्हाय. ते कुठल्या कागदावर हाय?

पत्र लिहू नको.

झुंबर

* * *

९ मार्च २०२५

प्रिय केरबा आजोबांस,
तेजस्वीचा नमस्कार.

आजीनं 'पत्र लिहू नको' असं लिहिलं होतं म्हणे, आणि तुम्ही खरंच लिहिलं नाहीत, याचा तिला फार राग आहे. महिनाभर रोज पोस्टमनला दारात अडवत होती. कालच्या सत्काराला तुम्ही आला नाहीत, याचा वेगळा राग. अमरसिंह काकांनी फोनवर सांगितलं, की तुम्हाला ताप होता. तो उतरला का?

काल काय झालं ते लिहिते. मांडवात मोठा फलक होता, 'नारीशक्तीचा जागर.' त्यावर अकरा पुरुषांचे फोटो होते आणि खाली कोपऱ्यात आजीचा, रेशनकार्डावरचा. पाहुणे अडीच तास उशिरा आले. तोवर बायका उन्हात आणि खुर्च्या सावलीत, पाहुण्यांसाठी राखीव. पाहुणे पन्नास मिनिटं बोलले. त्यात आजीचं नाव दोनदा आलं, दोन्ही वेळा चुकीचं. मग शाल घातली आणि सरपंचबाईंचे मिस्टर म्हणाले, "आज्जी, दोन शब्द." त्यांना खरोखर दोनच अपेक्षित होते.

आजीनं माइक असा धरला, जसा ती लाटणं धरते. म्हणाली, "माझ्या काढ्यात पहिल्या धारंची असायची. तुम्हा कुणालाच सांगितलं न्हाय. दारू म्हटलं तर बाया पिणार न्हाईत म्हणून औषध म्हटलं. डॉक्टर म्हंत्यात, त्यानं पोटातल्या पोराच्या डोक्याला मार बसतो. मोना कुठं हाय? मोना, तुझी शपथ खरी हाय ग. तुझं पोरगं लबाड न्हाय. मला माहीत न्हवतं, आन् माहीत झाल्यावर म्या तोंड उघडलं न्हाय. पंधरा वर्सं झाली." एवढ्यात मिस्टरांनी खूण केली आणि मंडपवाल्यानं ढोल-ताशाची गाणी लावली. ते म्हणाले, आज्जीचं वय झालंय. पाहुणे मोबाईल बघत होते. त्यांनी मान वर करून टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "फार प्रेरणादायी."

आज सकाळी मोनाकाकू आल्या. अंगणात उकिडव्या बसल्या. आजीही समोर तशीच बसली. गुडघे दुखत असून. मग काकू म्हणाल्या, "आज्जी, म्या त्याला लै मारलंय ओ. ऐकत न्हाय म्हणून. भुईमुगाच्या वेलानं मारलंय, उलथन्यानं मारलंय. त्याला कळतच न्हवतं व्हय?"

आजी म्हणाली, "न्हाय कळत."

"मग मला कोण सांगणार हुतं?"

आईनं चहा आणला, तो काकूंनी घेतला नाही. फाटकापर्यंत गेल्या, तिथं उभ्या राहिल्या आणि मागं न बघता म्हणाल्या, "सतराला कितीची गाडी हाय?"

आजी म्हणाली, "साडेसहाची."

माझा त्याच दिवशी दहावीचा शेवटचा पेपर आहे, भूगोलाचा. मला येता येणार नाही. तिथं काय होईल ते सगळं लिहा. आजी घरी येऊन सांगेल, पण ती स्वतःचं बोलणं दुप्पट आणि बाकीच्यांचं निम्मं सांगते.

तुमची
तेजस्वी

* * *

राजारामपुरी
१८ मार्च २०२५

चि. तेजस्वीस केरबा आजोबांचा आशीर्वाद.

भूगोलाचा पेपर कसा गेला? आजी घरी पोचल्यावर जेवली का? गुडघ्यांना तेल लावलंस का? सूनबाईंना सांग, काल अक्काच्या पिशवीतल्या सात भाकऱ्यांपैकी चार मी खाल्ल्या. माझा ताप गेला. खोकला आहे, तो राहू दे.

साडेनवाला दोघी एसटीतून उतरल्या. तीन तास शेजारी शेजारी बसून आल्या, पण तिकिटं दोघींनी आपापली काढली होती.

मंडळात न्यायाधीश मॅडम होत्या, आणि दोन सदस्य. आधी साहेबांनी फळ्याचा फोटो सादर केला. वजा दोनशे दहा. मग अक्का. तिला ऐकू येत नाही म्हणून मॅडम ओरडल्या, अक्काही ओरडली, आणि गुपचूप चालायचं काम ग्रामसभेसारखं बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं.

"का देत होतात?" मॅडमनी विचारलं.

"उलट्या थांबायच्या. बाई दुसऱ्या दिवशी कामाला उभी राहायची. न्हाय उभी राहिली तर घरात शिजायचं न्हाय."

"किती दिवस दिलं?"

"दिवस न्हाय, बाई. नऊ महिने. सकाळ-संध्याकाळ."

मग कारकुनानं फॉर्म पुढं केला आणि विचारलं, होय लिहू की नाही? होय लिहिलं तर मोना दारुडी ठरते, नाही लिहिलं तर पोरगं लबाड ठरतं. अक्का म्हणाली, "तिसरा चौकोन काढ. त्यात माझं नाव घाल." कारकून म्हणाला, नमुन्यात बसत नाही. तेव्हा मॅडमनी फॉर्म ओढून घेतला आणि खाली स्वतःच्या पेननं पाच ओळी लिहिल्या. मोना त्या पाच ओळी होईपर्यंत त्यांच्या पेनकडं बघत होती. तिला वाचता येत नाही.

डॉक्टर मुबशिरांनी त्यांचं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, मोठी तपासणी होईल, आणि तोवर मुलाला आईच्या ताब्यात देते, एक वर्ष देखरेखीखाली. आणि बारा अटी वाचून दाखवल्या. सरकारी मराठीत. "समजलं?"

आदर्श म्हणाला, "व्हय."

मला राहवेना. उठून म्हटलं, "मॅडम, काय समजलं ते विचारा की त्याला."

त्यांनी विचारलं. पोरगं म्हणालं, "वरचा पंखा ढिला झालाय."

सगळ्यांनी वर बघितलं. खरंच डुलत होता. साहेबांनी कपाळाला हात लावला. पण मॅडमनी बारा अटींचा कागद बाजूला ठेवला. तीनच राहिल्या, आणि त्या मी तिथंच पाठकोऱ्या कागदावर चित्रं काढून दिल्या. अंधाराआधी घर. सोमवारी माझ्याबरोबर मंडळात हजेरी. त्या टोळक्यापासून लांब. साहेबांनी त्याच संध्याकाळी रजिस्टरात लिहिलं म्हणे, 'संस्थेच्या प्रयत्नांमुळे मुलात समाधानकारक सुधारणा.' लिहू दे. आपल्याला पोरगं मिळालं.

पण सगळं गोड झालं, असं समजू नकोस. स्टँडवर मी तिकिटाची चौकशी करतोय तोवर आदर्श बेळगावच्या गाडीत चढून बसला होता. का? तर कंडक्टर ओरडला, "चला, चढा पटापट." मोनानं त्याला मनगट धरून उतरवलं. तिचा हात वर गेला. मी बघत होतो, अक्का बघत होती. हात तसाच थोडा वेळ वर राहिला. मग तिनं त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. त्या पोराचं आता असंच चालायचं, आणि तिचंही.

आता तुझ्याशी कामाचं. डॉक्टर मुबशिरा स्टँडपर्यंत आल्या होत्या. अक्कानं त्यांचा पदर, म्हणजे ओढणी, धरली आणि विचारलं, "दोनशेतली बाकीची?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांना होत नाही, आजी. बरीच जण ठणठणीत असतील." अक्का म्हणाली, "आन् जी न्हाईत, ती कुठल्या फळ्यावर हायत?" बाई म्हणाल्या, मी दर रविवारी गावात येईन. अक्का म्हणाली, "घरं म्या दावणार. आन् तुम्ही यायच्या आदी दारात म्या एकटी जाणार."

एकटी ती जाणार नाही, हे तुला आणि मला ठाऊक आहे. तुझी परीक्षा संपली. वही घे. शाळेत मागच्या बाकावर बसवून ज्यांना मास्तरांनी सोडून दिलं होतं, त्या पोरांच्या घरापासून सुरू करा. आजीला उंबऱ्याबाहेर उभं राहू दे, बोलू तिलाच दे. कुणी शिव्या दिल्या तर तू उलट बोलू नकोस. त्यांचा तो हक्क आहे. कुणी आजीच्या पाया पडायला आलं तर पडू देऊ नकोस. तिला ते सोसणार नाही.

पहिल्या दिवशी किती दारं उघडली, तेवढं मला लिही. एकही उघडलं नाही, तर तेही लिही. पण लगेच लिही, पोरी. मी पोस्टमनची वाट अडवून बसतो.

तुझा
केरबा आजोबा